मेन बंद हाये का?

“मामी, त्याईले इचारा, पाइपाची पिशवी कुठी ठेवली?” धनराजने माळ्यावरून विचारलं.

शिडीखाली उभ्या असलेल्या मनकर्णाबाईंनी, म्हणजे त्याच्या सासूबाईंनी, ओसरीकडे तोंड केलं. “अजी, जवाईबापू इचारून राह्यले, पिशवी कुठी हाये?”

“त्याले सांग, शिडीलेच टांगली हाये,” ओसरीतून सोमाजी म्हणाले.

सगळ्यांना सगळं ऐकू येत होतं. माळा काही आभाळात नव्हता. पण ज्योत्स्नाने बापाच्या मनाविरुद्ध धनराजशी लग्न केलं, सोमाजी त्या लग्नाला गेले नाहीत, आणि तेव्हापासून सासरा-जावई एकमेकांशी एक शब्दही बोलले नव्हते. आता नात शाळेत जायला लागली होती, तरी मनकर्णाबाईंचं टपाल चालूच होतं.

धनराज आज आला तोही बायकोच्या धाकाने. माळ्यावरची वायर उंदरांनी कुरतडली होती, आदल्या दिवशी ठिणग्या उडाल्या होत्या, आणि भोवती पोती न् धानाचं वाळलं तणस. “तुमी दोघं जलमभर बोलू नका,” ज्योत्स्ना म्हणाली होती, “पण माह्या मायचं घर जळू देऊ नका.”

काम त्याने मन लावून केलं. जुनी वायर वाशांवर उघडीच लोळत होती, कुठे कुठे पोत्यांखाली दबलेली. त्याने पोती बाजूला सारली. वाशाच्या कडेने, कोणाचा पाय पडणार नाही असा पाइप क्लिपांनी ठोकून बसवला, त्यातून नवी केबल ओढली, उंदीर शिरू नये म्हणून पाइपाची तोंडं बुजवली. कौतुक करायला वर कोणी नव्हतं, म्हणून त्याने स्वतःच मान डोलवली.

आता फक्त मेनकडून वर येणाऱ्या जुन्या लाईनीला जोड द्यायचा राहिला होता. त्यासाठी खालचा मेन स्विच बंद हवा.

“मामी, त्याईले इचारा...”

उत्तर आलं नाही. जावई जेवायला आहे म्हणून मामी शेजारच्या टोल्यावर, पलीकडच्या वस्तीत, कोंबडी आणायला गेल्या होत्या. घरात उरले दोघं.

धनराजने घसा खाकरला. “मामाजी” हा शब्द घशापर्यंत आला आणि तिथेच बसला. मग त्याने नुसतंच खोकून पाहिलं. खालून सोमाजीही खोकले. संभाषण तिथेच आटोपलं.

सावली गावातल्या त्याच्या दुकानाच्या भिंतीवर त्यानेच मोठ्या अक्षरांत रंगवलं होतं, ‘आधी मेन बंद, मग काम.’ गिऱ्हाइकांना तो हे प्रवचन फुकट द्यायचा. पण प्रवचन देणाऱ्याने ते ऐकलंच पाहिजे असं थोडंच आहे? शिवाय गावची लाईट सकाळपासून गेलेली. त्याने टेस्टर लावून पाहिला, पेटला नाही. हे एवढं विचारण्यासाठी सासऱ्यापुढे तोंड उघडायचं? त्यापेक्षा मेलेलं बरं, असं त्याला खरोखर वाटलं. त्याने टेस्टर खिशात घातला आणि उघड्या तारेकडे हात नेला.

तेवढ्यात ओसरीतला पंखा घरघरला.

“धनराज! हात काढ!”

त्याने हात काढला, पण करंटच्या भीतीने नाही. सासऱ्याला आपलं नाव ठाऊक आहे, याचाच त्याला एवढा धक्का बसला की तो मागे सरकला. कुजकी फळी मोडली आणि त्याचा एक पाय माळा फोडून खालच्या खोलीत लोंबकळू लागला.

खाली खट्कन मेन पडला.

“हालू नोको,” सोमाजी पायाखाली येऊन म्हणाले. “मेन पाडला मी. काऊन नाई इचारलं रे मले?”

“मामी नव्हत्या,” धनराज म्हणाला.

म्हटल्यावर त्याचं त्यालाच ऐकू आलं. लायसनवाला वायरमन, एका लेकराचा बाप. यमाच्या दारात जाऊन हेच सांगणार होता: सासू कोंबडी आणायला गेली, म्हणून मेलो.



“मी मेनपाशीच बसलो होतो,” सोमाजी म्हणाले. “तू इचारशीन म्हणून.”

मग त्यांनी त्याचा पाय खांद्यावर घेतला आणि वर रेटला. धनराज सुटला. जोड देण्याआधी त्याने विचारलं, “मेन बंद हाये का, मामाजी?”

“बंद हाये.”

थोड्या वेळाने त्याने पुन्हा विचारलं. गरज नव्हती.

“बंद हाये म्हणलं ना,” सोमाजी म्हणाले. ते मेनवर हात ठेवूनच उभे होते.

काम संपवून तो लंगडत शिडी उतरला. पोटरी सोलून निघाली होती, पावलापर्यंत माती न् रक्त. सोमाजींनी त्याला पाटावर बसवलं. परातीत पाणी आणलं, खाली बसले आणि त्याचा पाय परातीत घेतला.

“राहू द्या, मामाजी. मी धुतो.”

ते ऐकले नाहीत. माती गेली, रक्त गेलं. खांद्यावरच्या दुपट्ट्याने त्यांनी पाय हळूहळू पुसला.

“दुसरा दे.”

“त्याले काई नाई झालं.”

“दे म्हणतो ना.”

मनकर्णाबाई काखेत कोंबडी घेऊन दारात आल्या आणि तिथेच थबकल्या. नवऱ्याकडे पाहिलं, जावयाकडे पाहिलं. कोणाचं कोणाला सांगायचं, काही कळेना.

“अजी,” त्या हळूच म्हणाल्या, “हे काय करून राह्यले?”

सोमाजींनी वर पाहिलं नाही.

“लग्नात धुवाचे राह्यले होते.”