लोथारचे ब्रेक

फोल्कमारच्या दुसऱ्या ठोशाला एगॉनचा दात पडला. पहिल्याला नुसता चष्मा गेला होता. दात गॅरेजच्या फरशीवर टणटणत गेला आणि टेकू लावलेल्या लाल स्पोर्ट्स कारखाली दिसेनासा झाला. मेकॅनिक माणूस निसटलेल्या नटाकडे बघतो, तसं एगॉनने त्याच्याकडे बघितलं. नंतर शोधू.

"पुन्हा बोल," फोल्कमार म्हणाला.

"लोथारचे ब्रेक चांगले होते," एगॉन पुन्हा बोलला. तिसरा ठोसा पोटात बसला.

इर्मगार्ड दाराशी पर्स धरून उभी होती. फोल्कमार तिचा धाकटा भाऊ, पन्नाशीचा. लोथार तिचा नवरा, म्हणजे मार्चपर्यंत. मेव्हण्यामेव्हण्यांनी सारख्याच दोन लाल गाड्या घेतल्या होत्या आणि एकाच दिवशी एगॉनकडून नवे लोखंडी ब्रेक बसवून घेतले होते. पुढच्या रविवारी लोथारची गाडी चॅपेलच्या वळणावर वळलीच नाही. दगडी कठड्यातून आरपार गेली, बीच जातीचं एक झाड आडवं केलं आणि दुसऱ्याला गुंडाळली गेली. त्याला बाहेर काढायला अग्निशमनवाल्यांना पत्रा कापावा लागला. काढल्यावर त्यांनी इर्मगार्डला तो बघू दिला नाही.

मागून फोल्कमार येत होता. मी बराच मागे होतो, त्याने पोलिसांना सांगितलं. भावजींचे दोन्ही लाल दिवे लागलेले दिसले. ते ब्रेक दाबत होते, ब्रेकच धरत नव्हते.

दफनानंतरच्या जेवणाला फोल्कमारने बहिणीला पाकीट उघडू दिलं नाही. अख्ख्या गावाला संध्याकाळपर्यंत बिअर पाजली आणि स्वतः थेंबालाही शिवला नाही. मेव्हणा असावा तर असा, असं पाद्रीबाबा चौथ्या ग्लासाला म्हणाले. गावही हेलावलं, आणि हेलावलेल्या गावाने घरी जाता जाता एगॉनच्या गॅरेजच्या काचा फोडल्या. त्या आठवड्यात त्याच्या कुत्र्याचा पाय कुणीतरी विटेने मोडला. गिऱ्हाइकं शेजारच्या खोऱ्यात जाऊ लागली.

आता फोल्कमारला सिरॅमिकचे ब्रेक हवे होते. लोखंडाने भावजी खाल्ले, उद्या मला खाईल, असं तो महिनाभर बहिणीच्या स्वयंपाकघरात बसून, तिचा केक खात सांगत होता. सिरॅमिक म्हणजे केवढा खर्च, पण लोथारच्या विम्याचे पैसे आले होते. एकुलता एक भाऊ तरी राहावा म्हणून इर्मगार्ड ते द्यायला तयार होती. फक्त लोखंड थांबवतं की नाही, हे एकदा तिला एगॉनच्या तोंडून ऐकायचं होतं. म्हणून ती भावाला घेऊन इथे आली. ऐकून होईपर्यंत ते तोंड शाबूत राहावं, एवढीच तिची अपेक्षा होती.

एगॉन कण्हत उठला. फळीवरच्या कॉफीच्या डब्यातून त्याने चिमटीत धरून एक छोटा काचेचा दिवा काढला. मोडकी गाडी त्यानेच ओढून आणली होती. एवढ्या चुराड्यात मागच्या ब्रेकचा हा दिवा तेवढा धड निघाला होता.

"दिवा पेटलेला असताना गाडी आपटली, तर आतली तार तापून मऊ झालेली असते," तो रक्त पुसत म्हणाला. "ती ताणली जाते, वेडीवाकडी होते. ही बघ."

तार सरळ होती. जणू कालच खोक्यातून काढली होती.

"लोथारने ब्रेक दाबलाच नाही, इर्मा."

फोल्कमारने चाकाचा पाना उचलला. पहिला घाव फळीवर बसला, डबे उडाले. दुसरा एगॉनच्या खांद्यावर बसला, आणि हाड मोडल्याचा आवाज तिघांनीही ऐकला. एगॉन खाली कोसळला. तिसऱ्या वेळी इर्मगार्ड मध्ये आली.

पाना तिच्या कपाळापासून चार बोटांवर थांबला. वेळेवर थांबणं फोल्कमारला जमत होतं.

इर्मगार्डने दिवा उजेडाकडे धरला. खोऱ्यातल्या पुरुषांचा रविवारचा तो खेळ तिला आठवला. दोन गाड्या एकामागे एक चॅपेलच्या वळणाकडे सोडायच्या. पुढच्याचा लाल दिवा आधी लागला तर पुढचा हरला. मागच्याने आधी ब्रेक दाबला, तर त्याची गाडी पुढच्याच्या आरशात लहान होत जाते. मग मागचा हरला. हरणाऱ्याने बिअर पाजायची. लोथारने आणि फोल्कमारने तिच्यासमोर, तिच्याच लग्नात, हा खेळ सोडल्याची शपथ घेतली होती.

"आरशात लहान कोण झालं, फोल्कमार?" तिने विचारलं.

पाना खाली आला. मग फोल्कमार जॅकला टेकून बसला आणि कुणी न विचारलेलंही सांगत सुटला. तो भावजींच्या मागच्या नंबरपाटीला चिकटून चालला होता. त्यानेच आधी ब्रेक दाबला. त्याची गाडी कठड्याच्या कितीतरी अलीकडे उभी राहिली. जिंकलो म्हणून लोथारने खिडकीतून मूठ बाहेर काढून नाचवली. ती आत घ्यायला त्याला वेळ मिळाला नाही.

 मग फरशीवरून एगॉनने विचारलं, सिरॅमिकचे मागवायचे का. हाड मोडलं तरी तो धंद्याचा माणूस होता.

"नको," इर्मगार्ड म्हणाली. "ह्याला लोखंड उत्तम थांबवतं."

तिने दिवा रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवला. दारापर्यंत गेली आणि वळली.

"सगळ्या गावाला पाजलीस रे," ती भावाला म्हणाली. "पैज तर एकाच ग्लासाची असते."