बाग बंद व्हायची वेळ

"सात वाजले, बाई. कुलूप लावायचंय."

"दहा मिनिटं थांबा ना. लेक येतोय न्यायला."

बागेच्या रखवालदाराला हे आता तोंडपाठ झालं होतं. पाच महिने झाले, घसरगुंडीसमोरच्या बाकावरून या निवृत्त शिक्षिका रोज हेच सांगत. दहाची चाळीस मिनिटं व्हायची. तोवर तो झोपाळ्यांच्या साखळ्या बांधायचा, बॅडमिंटनची जाळी गुंडाळायचा, कारंजं बंद करायचा आणि मग बाकाच्या दुसऱ्या टोकाला टेकायचा.

गप्पांना विषय लागायचा नाही. सी-सॉची फळी पुन्हा निखळली, इथपासून सुरुवात व्हायची. एकदा तो म्हणाला, बायको गेल्यापासून मी एकाच पातेल्यात शिजवतो आणि त्यातच जेवतो, घासायला सोपं! स्वतःच हसला. बाई हसल्या नाहीत.

मग फोनकडे बघून त्या उठायच्या. "आला वाटतं. कोपऱ्यावर थांबतो, गल्लीत गाडी वळत नाही ना."

हा लेक त्याने कधी पाहिला नव्हता, पण त्याचा राग मात्र मनात साठत चालला होता. साहेबांनी सकाळची पाळी देऊ केली. दुखऱ्या गुडघ्यांना तीच बरी होती. तरी तो नको म्हणाला. नव्या माणसाने सातच्या ठोक्याला बिचारीला बाहेर काढलं असतं.

एका सोमवारी बाक रिकामा दिसला. मंगळवारीही. बुधवारी तो पावणेआठपर्यंत उगाचच बसून राहिला. गुरुवारी मात्र त्याला राहवेना. चालायला येणाऱ्या एका बाईंकडून त्याने पत्ता मिळवला.

घर बागेच्या अगदी मागेच निघालं. तो दारातच गोंधळला. आत टीव्ही चालू होता, दोन मुली रिमोटवरून भांडत होत्या, स्वयंपाकघरातून फोडणीचा वास येत होता. लेकानेच दार उघडलं. रखवालदाराने बाईंची चौकशी केली.

"आईला भेटायचंय? आत्ताच डोळा लागलाय तिचा. ताप उतरलाय. आपण?"

"ओळखीचा आहे." शांतपणे बोलायचं असं तो ठरवून आला होता, पण तोल गेलाच. "रोज संध्याकाळी ताटकळत ठेवता आईला! घर इतकं जवळ, आणि न्यायला यायला पावणेआठ वाजतात तुम्हाला?"

"न्यायला?" लेक बघतच राहिला. "अहो, तिला कशाला न्यायला हवं? उलट आम्हीच कुरकुर करतो. सगळे जेवायचे खोळंबतात, नाती वाट बघतात. पण ती ऐकेल तर ना!"

"मग थांबतात कशाला?"

"बागेत कुणी एक माणूस आहे म्हणे," लेक म्हणाला. "त्याची घरी वाट बघणारं कुणी नाही. त्याच्यापाशी जरा बसून येते, म्हणते."