भंगारातली बॅटरी

"आज मशीन एकदा जरी बंद पडलं, तर तुझं भंगार उचलायचं आणि घरी न्यायचं. काय?" गडमुडशिंगीच्या दूध संस्थेत, भरल्या रांगेसमोर, बाळासो चेअरमननी अक्षताला अट घातली.

"चालतंय की," अक्षता म्हणाली.

वीज गेली की संस्थेतलं दुधाचं फॅट मोजायचं मशीन बंद, वजनकाटा बंद, आणि दूध नासण्याआधी माणसं तापायची. अक्षतानं त्यावर तोड काढली होती. इलेक्ट्रिक रिक्षांच्या मोडीत काढलेल्या बॅटऱ्या आणायच्या, एकेक सेल तपासायचा, दमदार तेवढे निवडून नव्यानं जोडायचे. मेलेल्यांतला धातू परत कारखान्याला. ही जोडलेली बॅटरी छतावरच्या सोलरवर दिवसा भरायची, लागेल तेव्हा वापरायची. उद्यमनगरातल्या शेडमध्ये दोन वर्षं खपून तिनं ही बॅटरी उभी केली होती, आणि तिच्यातल्या प्रत्येक सेलचा तिला अभिमान होता. आज ती टिकली तर आणखी दहा संस्था घेणार होत्या. नाही टिकली तर शेडला कुलूप.

बॅटरी बसवून आठ दिवस झाले होते. लाईट असेतोवर मशीन लाईटवर, गेली की आपोआप बॅटरीवर. आठ दिवसांत मशीन एकदाही थांबलं नव्हतं. पण त्यात बॅटरीचं काय कौतुक? गावातली लाईटच गेली नव्हती. म्हणून आज मुद्दाम संस्थेची लाईट तोडून बघायचं ठरलं होतं.

गावाचा विश्वास नव्हता, ते एक वेळ चाललं असतं. पण सख्खा बाप? आबांनी वायरमन म्हणून तीस वर्षं काढली होती. बॅटरी बसवली त्या दिवशी ते एवढंच बोलले, "बघू की." तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ, दूध घालायच्या दोन्ही वेळेला मीटरखाली खुर्ची टाकून बसायचे. शेवटची किटली रिकामी होईपर्यंत हलायचे नाहीत. नजर बॅटरीवर, जणू आता जळतेय की मग.

"पोरीवर भरवसा न्हाय व्हय, आबा?" लोक हसायचे. हे अक्षताच्या कानावर आलं, तेव्हा तिला इतकं लागलं की दोन दिवस ती त्यांच्याशी बोलली नाही.

आजही ते तिथंच बसले होते. अक्षतानं तिकडं बघायचं टाळलं.

"आबा," चेअरमन म्हणाले, "मेन फ्यूज तुमीच काढा. मागनं कुणी लबाडी म्हणाय नगो."

आबा उठले नाहीत.

"काढा की! लोकं खोळंबल्यात."

आबांनी बसल्या जागेवरून हात वर करून मीटरचं झाकण उघडलं. फ्यूजची जागा रिकामी होती. मग त्यांनी बंडीच्या खिशातून फ्यूज काढला आणि चेअरमनच्या हातावर ठेवला.

"आठ दिस झालं काढून," आबांचा आवाज पार शेवटच्या किटलीपर्यंत गेला. "सोळा येळचं दूध माझ्या लेकीच्या बॅटरीवर घातलंय तुमी."