जमिनीवरचा दिवा

ज्या घरात आपण स्वतःचे लेकरू निजवणार नाही, ते दुसऱ्याला राहायला देणे हा अधर्म होय.

"जमिनीवरचा हा दिवा काढा, नियमाविरुद्ध आहे," ही वस्ती बांधणारे अभियंता केळुसकर म्हणाले.

कामगारवस्तीच्या भिंती प्रचंड दाबाने आणि उष्णतेने काचेसारख्या घट्ट केलेल्या कार्बन डायऑक्साइडच्या होत्या. तडा गेला की त्या काचेचा पुन्हा वायू होई आणि तो जमिनीलगत साचे; त्यात आधी दिवा विझे, मग माणूस गुदमरे. म्हणून तिथे राहणाऱ्या सुगंधाबाईंनी जमिनीवर दिवा ठेवला होता आणि तान्ह्याचा पाळणा आढ्याजवळ टांगला होता.

"दिवा विझला की आम्ही पळतो, साहेब," त्या कडाडल्या. "तुमचं घर विटांचं! निजा की इथं घटकाभर!"

तेवढ्यात ज्योत विझली. बाळाला कवटाळून सुगंधाबाई दाराबाहेर धावल्या. केळुसकर त्यांच्याआधीच अंगणात पोचले होते.

त्या बाळाला विटामातीचे घर लाभो, आणि केळुसकरांना लाज.