तुटक्या पायाचा सात

दातांचे डॉक्टर खाडिलकर रॉकेलमध्ये बुडवलेल्या टूथब्रशने हौसेने घेतलेल्या जुन्या विलायती पिकअपचं इंजिन घासत होते. ओशट थराखालून एकेक आकडा वर आला आणि नंबर आरसी बुकाशी तंतोतंत जुळला.

“ओरिजिनल इंजिन, मिस्त्री! आता परदेशातून पिस्टन मागवतो.”

दस्तगीर मिस्त्रींनी वाकून बघितलं. सातचा पाय तुटका होता. त्यांनी डब्यातून आकडे ठोकायचे पंच काढले आणि त्यातला सात डॉक्टरांच्या हातावर ठेवला. त्याचाही पाय तुटका होता.

“साहेब, हा नंबर मीच ठोकलाय, चाळीस वर्षांपूर्वी. मूळ इंजिन फुटलं, मग भंगारातल्या टेम्पोचं बसवलं. पासिंगला भानगड नको म्हणून बुकातला नंबर घातला.”

“झिजलेले सात सगळे सारखेच दिसतात, मिस्त्री. वय झालं तुमचं, दुसरी कुठली तरी गाडी आठवत असेल. नंबर कधी खोटं बोलतो का?”

दोन महिन्यांनी पिस्टन आले. एकही बसेना. डॉक्टर भडकले. चुकीचा माल पाठवल्याबद्दल कंपनीला तिथल्या तिथे मेल लिहिला आणि पुराव्यासाठी नंबराचा फोटो काढायला वाकले.

“मिस्त्री, बॅटरी धरा जरा,” ते म्हणाले, “सात नीट दिसला पाहिजे.”