होडीच्या पोटाचा रंग

लेकीसाठी बघितलेल्या मुलाच्या घरी हिराजी तांडेल चहाला थांबलाच नाही. तो थेट दारापुढे वाळूत ओढलेल्या होडीखाली शिरला.

"तांडेल, नवरामुलगा घरात बसलाय," मुलाच्या आईने टोमणा मारला.

"वरून सगळेच रंगवतात," हिराजी खालून म्हणाला. "पाण्याखाली जातं ते कसं राखलंय, तेवढं बघतो. कीड तिथूनच लागते."

त्याने नखाने फळी खरवडली. शिंपला एकही चिकटलेला नव्हता, रंग भेगांतसुद्धा गेला होता. बाहेर आला तेव्हा सदऱ्याची पाठ ओल्या लाल रंगाने माखलेली, पण होकार देऊनच तो निघाला.

घरी लेकीने पाय धुवायला पाणी दिलं. तिच्या कोपरालाही तोच लाल रंग होता.

हिराजी पायावर पाणी ओतत सहज म्हणाला, "रंगाचे हात किती दिलेस?"

"दोन," ती बोलून गेली.