माहेरचं विरजण

खो-खोच्या अंतिम सामन्याला निघालेल्या केतकीच्या तळहातावर तिच्या आईनं, इंदुमतीनं, चमचाभर दही ठेवलं. ते चाटून पोरगी धावतच गेली.

"हिचे पाय लुळे पडत होते ना?" पुण्याहून आलेल्या मृदुलाताईंनी विचारलं.

"होय हो! साखरेपासून अंगात सॉर्बिटॉल बनतं, ते मोडणारं एन्झाइम हिच्यात जन्मापासून नाही. ते साचून पायांच्या नसा मरत होत्या. या दह्यातले जिवाणू तेच एन्झाइम बनवतात." इंदुमतीनं मान ताठ केली. "आमच्या माहेरचं विरजण आहे. पिढ्यान्‌पिढ्यांचं!"

मृदुलाताईंना भरून आलं. हे जिवाणू त्यांनीच प्रयोगशाळेत घडवले होते. कंपनीला न विकता दह्यात घालून त्यांनी ते लोकांना वाटले होते, आणि वाटीवाटीनं ते इथवर येऊन कुणाच्या तरी माहेरचे झाले होते.

"मला थोडं विरजण द्याल?"

"न्या की! पण दूध कोमट हवं. तुम्हा शहरातल्यांचं तिथंच बिघडतं."

मृदुलाताईंनी विरजणाची वाटी दोन्ही हातांत धरली आणि नव्यानं शिकणाऱ्या सुनेसारखं विचारलं,

"कोमट म्हणजे कितपत हो?"